फोनवर मेल वेळेवर येत नाही, बॅटरीही पुरत नाही : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं काम लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं. परीक्षेचे, प्रवेशाचे, शिष्यवृत्तीचे. अर्ज भरला की पोचपावती, लॉगिन, मुलाखतीचं पत्र असं सगळं ईमेलवर येतं आणि चार-आठ दिवसांनी निरोप येतो, ‘‘सर, मेल आलाच नाही.’’ फोन हातात घेऊन पाहावं तर बहुतेक वेळा मेल आलेला असतो. फोनने तो वेळेवर उतरवून घेतलेला नसतो, कारण बॅटरी वाचवायची म्हणून त्याने परस्पर तसं ठरवलेलं असतं.

व्हॉट्सॲपवर आणि काउंटरवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांच्या फोनची भाषा इंग्रजी असते, म्हणून मेनूंची नावंही तशीच दिली आहेत. फोन बदलला की नावात थोडा फरक पडेल. अशा वेळी सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत ‘बॅटरी’ किंवा ‘सिंक’ टाइप केलं की जागा सापडते.

१. सिंक म्हणजे नेमकं काय? मेल थेट फोनवरच येत नाही का?

नाही. मेल आधी सर्व्हरवर येतो, म्हणजे गावच्या पोस्टात पत्र यावं तसा. तिथून तो तुमच्या फोनवर आणण्याचं आणि तुम्ही वाचलेलं, खोडलेलं परत सर्व्हरला कळवण्याचं काम म्हणजे सिंक. म्हणून मेल येत नाही असं वाटलं की सगळ्यात आधी एक करा. दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये आपलं खातं उघडून बघा. मेल तिथे दिसला तर अडचण फोनमध्ये आहे, प्रश्न २ पासून पुढे वाचा. तिथेही नसेल तर फोनची कितीही सेटिंग बदलून उपयोग नाही, थेट प्रश्न १२ वर जा. या एका तपासणीने अर्धी धावपळ वाचते.

२. ॲप उघडलं की धडाधड मेल येतात, तोवर मात्र एकही नोटिफिकेशन नाही. असं का होतं?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. २०१५ साली आलेल्या अँड्रॉइड ६ पासून फोनमध्ये ‘डोझ’ नावाची सोय आहे. चार्जर काढलेला, स्क्रीन बंद आणि फोन न हलता टेबलावर पडलेला, अशी स्थिती काही वेळ राहिली की फोन डुलकी घेतो. त्या वेळात ॲपचं इंटरनेट थांबतं आणि सिंक पुढे ढकललं जातं. मधूनमधून फोन जरा जागा होतो, साठलेली कामं उरकतो आणि परत झोपतो. जितका वेळ पडून राहील तितकं दोन जागरणांमधलं अंतर वाढत जातं. रात्री ठेवलेला फोन सकाळी उचलला की मेलची रांग लागते ती यामुळेच. अँड्रॉइड ७ पासून तर खिशात हलणाऱ्या फोनलाही स्क्रीन बंद असताना हलकी डुलकी लागते.

२०१८ च्या अँड्रॉइड ९ ने यात भर घातली. तुम्ही कुठलं ॲप किती वेळा उघडता हे पाहून फोन ॲपचे कप्पे पाडतो. रोजची ॲप वरच्या कप्प्यात, क्वचित उघडली जाणारी तळाशी. तळाच्या ॲपला पडद्यामागे काम करायची संधी फार थोडी मिळते. वर्षातून एखाददुसरा अर्ज भरणाऱ्या माणसाचं इथेच अडतं. मेल येत नाहीत म्हणून तो ॲप उघडत नाही, आणि ॲप उघडत नाही म्हणून मेल आणखी उशिरा येतात.

गेल्या उन्हाळ्यात एक मुलगी रडवेली होऊन आली. कागदपत्र पडताळणीचा मेल सकाळी ९.४० ला आला होता, तिने तो रात्री पाहिला. तारीख दुसऱ्याच दिवशीची आणि ठिकाण दीडशे किलोमीटरवर. तिच्या फोनमध्ये मेल ॲपच्या बॅटरीच्या पानावर ‘रिस्ट्रिक्टेड’ निवडलेलं होतं. बॅटरी टिकावी म्हणून भावाने सरसकट सगळ्या ॲपना ते लावून ठेवलं होतं. ती पहाटेच्या एसटीने गेली आणि काम झालं. त्या दिवसापासून नवा अर्ज भरायला घेतला की मी आधी अर्जदाराच्या फोनमधलं ते पान उघडून बघतो.

३. मग करायचं काय? क्रमाने सांगा.

आधी सिंकचं मुख्य बटण. सेटिंग्ज, मग ‘पासवर्ड्स अँड अकाउंट्स’, आणि खाली ‘ऑटोमॅटिकली सिंक ॲप डेटा’. हे बंद असेल तर बाकी सगळं व्यर्थ. कधी हे कुणीतरी डेटा वाचवायला बंद केलेलं असतं, कधी एखाद्या ‘फोन क्लीनर’ ॲपने.

त्यानंतर जीमेल उघडा, डावीकडच्या तीन आडव्या रेघा, सेटिंग्ज, आपलं खातं, आणि ‘सिंक जीमेल’समोर बरोबरची खूण आहे का ते पाहा. फोनमध्ये दोन-तीन खाती असतील तर प्रत्येक खात्यात वेगळं पाहावं लागतं.

आता मुख्य दुरुस्ती. जीमेलच्या चिन्हावर बोट दाबून धरा, ‘ॲप इन्फो’, मग ‘बॅटरी’. तिथे तीन पर्याय असतात : अनरिस्ट्रिक्टेड, ऑप्टिमाइझ्ड, रिस्ट्रिक्टेड. मेल महत्त्वाचा असेल त्या दिवसांत ‘अनरिस्ट्रिक्टेड’ ठेवा. काही नव्या फोनांत ‘अलाउ बॅकग्राउंड यूसेज’ एवढंच बटण दिसतं. त्या बटणावर न दाबता शेजारच्या अक्षरांवर दाबलं की आतले पर्याय उघडतात. ही जागा पटकन कुणाच्या लक्षात येत नाही.

शेवटी चाचणी, आणि ती नीट करा. बदल केला, लगेच स्वतःला मेल पाठवला, टिंग वाजलं, झालं काम, असं होत नाही. फोन त्या वेळी जागाच असतो. चार्जर काढा, स्क्रीन बंद करा, फोन तासभर टेबलावर हात न लावता ठेवा आणि मग दुसऱ्या कुणाला तरी मेल पाठवायला सांगा. तेव्हा वाजला तर खरं.

४. हे सगळं केलं, तरी माझ्या फोनवर फरक नाही. दुसरं काही राहिलं का?

बऱ्याच कंपन्या गुगलच्या बंधनांवर आपली वेगळी बंधनं घालतात, म्हणून एकाच खात्याचा मेल घरातल्या दोन फोनांवर वेगवेगळ्या वेळी येतो.

सॅमसंगमध्ये बॅटरीच्या पानावर ‘बॅकग्राउंड यूसेज लिमिट्स’ असतं. तिथल्या ‘डीप स्लीपिंग ॲप्स’मध्ये मेल ॲप सापडलं तर ते तुम्ही उघडेपर्यंत काहीच करणार नाही. तिथून काढून ते कधीच न झोपणाऱ्यांच्या यादीत घाला. शाओमी, रेडमी, पोकोमध्ये दोन ठिकाणी पाहायचं : ‘ऑटोस्टार्ट’ चालू, आणि ॲपच्या बॅटरी सेव्हरमध्ये ‘नो रिस्ट्रिक्शन्स’. ओप्पो, रिअलमी, वनप्लसमध्ये ‘ऑटो लाँच’ आणि ‘बॅकग्राउंड ॲक्टिव्हिटी’ला परवानगी द्या. विवोमध्ये पडद्यामागे जास्त वीज वापरायची परवानगी बॅटरीच्या पानावर वेगळी मागावी लागते. पिक्सेल आणि मोटोरोलामध्ये सहसा प्रश्न ३ मधलं पुरतं.

आणखी एक. ‘गुगल प्ले सर्व्हिसेस’ हे ॲप यादीत दिसलं आणि ते बरीच बॅटरी खातंय असं वाटलं तरी त्याला बंधन घालू नका. जीमेलला ‘नवा मेल आला’ ही हाक त्याच्यामार्फतच पोचते. ते झोपलं की जीमेलला कितीही सूट दिली तरी उपयोग होत नाही.

फोनचं मोठं अपडेट झाल्यावर ही सगळी पानं एकदा परत पाहा. काही फोनांत दिलेली सूट पुसली जाते.

५. बॅटरी सेव्हर चालू ठेवला तर मेल येणारच नाही का?

येईल, पण वेळेवर येईल याची खात्री नाही. मेल आणि बातम्यांसारखी ॲप उघडल्यावरच ताजी व्हावीत, याच पद्धतीने बॅटरी सेव्हर वीज वाचवतो. म्हणून तो दिवसभर चालू ठेवू नका. ‘सेट अ शेड्यूल’मध्ये १५ किंवा २० टक्क्यांना आपोआप चालू होईल असं लावा.

‘एक्स्ट्रीम’, ‘अल्ट्रा’ वगैरे नावांची आणखी कडक बचत असते. तीत निवडलेली मोजकी ॲप सोडून सगळं थांबतं. बाहेरगावी, लाइट नसताना ती लावायची वेळ आली तर निवडलेल्या ॲपमध्ये फोन आणि मेसेजसोबत मेल घालायला विसरू नका.

६. मेलला सूट दिली तर बॅटरी लगेच संपेल ना?

ही भीती सगळ्यांना असते, आणि नेमकी याच भीतीपोटी लोक उलटी सेटिंग करतात.

मेल येण्याचे दोन प्रकार आहेत. एक, सर्व्हर फोनला हाक मारतो : मेल आलाय, घेऊन जा. याला पुश म्हणतात. दुसरा, फोनच ठरावीक वेळाने सर्व्हरकडे जाऊन विचारतो : काही आहे का? हा फेच. जीमेल ॲपमधलं जीमेलचं खातं पुशवर चालतं. त्यासाठी फोनला एकच जोडणी उघडी ठेवावी लागते आणि तीच जोडणी इतर अनेक ॲपही वापरतात. मेल नसेल तेव्हा जवळपास काही खर्च नाही.

फेचचं तसं नाही. दर १५ मिनिटांनी म्हणजे दिवसाला ९६ वेळा. तशी तीन खाती असतील तर २८८ खेपा, त्यातल्या बहुतेक रिकाम्या हाताने परत येण्याच्या. प्रत्येक खेपेला मोबाइलचं मोडेम (नेटवर्कशी बोलणारा भाग) जागं होतं आणि काम झाल्यावरही काही सेकंद पूर्ण ताकदीने जागंच राहतं. बॅटरी खातात त्या या खेपा.

तेव्हा जीमेलला ‘अनरिस्ट्रिक्टेड’ देऊन ठेवा, आणि वाचवायची असेल तर जुन्या, महिन्यात एखादा मेल येणाऱ्या खात्यांचं सिंक बंद करा. खरेदीची ॲप, खेळ, रील्सवाली ॲप यांना ‘रिस्ट्रिक्टेड’ लावा. सूट एका ॲपला द्यायची असते. सगळ्यांना देणंही चूक आणि सगळ्यांची काढून घेणंही चूक.

७. जीमेल लगेच येतो, पण त्याच ॲपमध्ये जोडलेला ऑफिसचा मेल वीस-वीस मिनिटं उशिरा येतो. का?

कारण तो पुशवर नाही, फेचवर आहे (प्रश्न ६). आयमॅप आणि पॉप या सर्व्हरवरून मेल आणण्याच्या दोन पद्धती (फरक प्रश्न १५ मध्ये). जीमेल ॲपमध्ये यांतल्या एका पद्धतीने जोडलेल्या खात्याला ‘सिंक फ्रीक्वेन्सी’ असते आणि ती कमीत कमी १५ मिनिटं ठेवता येते. त्यात डोझची भर पडली की वीस, तीस, चाळीस मिनिटं होतात. यात बिघाड काही नाही.

आयमॅपमध्येही सर्व्हरने फोनला हाक मारायची सोय आहे, ‘आयडल’ नावाची, १९९७ पासून. तिच्यासाठी फोनला त्या सर्व्हरशी जोडणी सतत धरून ठेवावी लागते. थंडरबर्डसारखं ॲप हे करतं. मिनिटामिनिटाचं काम असेल तर ते घ्या आणि त्याला बॅटरीची सूट द्या, थोडी जास्त वीज जाईल हे धरून चाला. दुसरा सोपा मार्ग म्हणजे ऑफिसच्या सर्व्हरवरूनच मेलची प्रत जीमेलकडे वळवणं. मात्र आधी ऑफिसची परवानगी घ्या. अनेक ठिकाणी ते चालत नाही.

८. मी काम झालं की सगळी ॲप स्वाइप करून बंद करतो. चांगली सवय ना?

बॅटरीसाठी तिचा उपयोग नाही. ॲप पुन्हा पहिल्यापासून उघडायला उलट जास्त वीज लागते. आणि काही कंपन्यांच्या फोनांत स्वाइप केलेलं ॲप पूर्णच थांबवलं जातं. मग मेल ॲप तुम्ही उघडेपर्यंत मेल नाही. ‘फोर्स स्टॉप’ केलं तर हे कुठल्याही अँड्रॉइड फोनवर होतं. अलीकडच्या ॲपच्या पडद्यावर बऱ्याच फोनांत कुलपाचं चिन्ह असतं. मेल ॲपवर कुलूप लावून ठेवा. ‘रॅम क्लीनर’, ‘बॅटरी डॉक्टर’ असली ॲप सरळ काढून टाका.

९. मेल वेळेवर येतोय, दिसतोय, पण फोन वाजत नाही.

मग सिंक ठीक आहे, अडचण नोटिफिकेशनची आहे. अँड्रॉइड १३ पासून नव्या ॲपला नोटिफिकेशनची परवानगी विचारून घ्यावी लागते आणि घाईत आपण ‘डोन्ट अलाउ’ दाबतो. ‘ॲप इन्फो’मध्ये ‘नोटिफिकेशन्स’ पाहा.

दुसरी मेख टॅबची. जीमेल आलेल्या मेलची ‘प्रायमरी’, ‘प्रमोशन्स’, ‘अपडेट्स’ अशी वाटणी करतो आणि सहसा प्रायमरीतल्याच मेलला वाजतो. परीक्षेची, महाविद्यालयाची, बँकेची आपोआप जाणारी पत्रं पुष्कळदा ‘अपडेट्स’मध्ये पडतात. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये खातं निवडून ‘इनबॉक्स टाइप’ किंवा ‘इनबॉक्स कॅटेगरीज’मध्ये जाऊन अपडेट्सचा टॅबच बंद केला की ती पत्रं प्रायमरीत येतात. निकालाच्या आणि प्रवेशाच्या दिवसांत मी हे सगळ्यांना करायला सांगतो.

‘डू नॉट डिस्टर्ब’ आणि झोपेची वेळही तपासा.

१०. पाठवलेला मेल ‘क्यूड’ दाखवतो आणि जातच नाही.

क्यूड म्हणजे रांगेत. इंटरनेट नाही, सिंक बंद आहे (प्रश्न ३), डेटा सेव्हर आडवा येतोय (प्रश्न १३), खात्यातली जागा भरली आहे (प्रश्न १२) किंवा जोडलेली फाइल मोठी आहे, यांतलं एक कारण असतं.

फाइलचं थोडं समजून घ्या. जीमेलची मर्यादा २५ एमबी. पण मेलमध्ये फाइल जाताना तिचं अक्षरांत रूपांतर होतं आणि वजन साधारण एक तृतीयांशाने वाढतं. १५ एमबीची फाइल २० एमबीची होऊन जाते. घेणाऱ्याच्या सर्व्हरची मर्यादा १० एमबी असली तर तुमच्याकडून गेलेला मेलही परत येतो. फोनने काढलेला दाखल्याचा फोटो तसाच जोडण्याऐवजी स्कॅन करून लहान पीडीएफ करा.

अडकलेला मेल तसाच सोडू नका. फोन तो पाठवायचा पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहू शकतो आणि त्यात बॅटरी जाते. ‘आउटबॉक्स’मध्ये जाऊन तो खोडा आणि फाइल लहान करून परत पाठवा.

११. पासवर्ड बरोबर आहे, तरी ॲप तो पुन्हा पुन्हा मागतं.

पासवर्ड कॉम्प्युटरवर बदलला असेल तर फोनवर नवा टाकावाच लागतो. तसं नसेल आणि ॲप जुनं असेल, तर कारण वेगळं आहे. केवळ नाव आणि पासवर्ड देऊन आत जाणारी जुनी पद्धत गुगलने वैयक्तिक खात्यांसाठी ३० मे २०२२ पासून बंद करायला घेतली. आउटलुक डॉट कॉमच्या वैयक्तिक खात्यांवर मायक्रोसॉफ्टने २०२४ च्या सप्टेंबरमध्ये तेच केलं. आता ॲपने गुगलचं किंवा मायक्रोसॉफ्टचं लॉगिनचं पान उघडून तिथे तुम्हाला विचारायला हवं. खातं फोनमधून काढून परत जोडलं की बहुतेक ॲपमध्ये ते पान येतं (काढण्याआधी प्रश्न १७ वाचा).

गुगलच्या बाबतीत ॲप तेवढं नवं नसेल तर ‘ॲप पासवर्ड’ घेता येतो, १६ अक्षरांचा. त्यासाठी दोन टप्प्यांची पडताळणी चालू असावी लागते. गुगलचा मुख्य पासवर्ड बदलला की हे ॲप पासवर्ड रद्द होतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

१२. कॉम्प्युटरवरही मेल दिसत नाही. मग तो गेला कुठे?

आधी ‘स्पॅम’ आणि ‘ऑल मेल’ बघा. मग अर्जाची छापील प्रत काढून त्यावरचा ईमेल एकेक अक्षर वाचा. ‘जीमेल’ लिहिताना एक अक्षर मागेपुढे, नावात एक ‘ए’ जास्त, असं फार वेळा सापडतं. पत्ता चुकला असेल तर ज्यांचा अर्ज आहे त्यांच्याकडेच दुरुस्ती होते.

तिसरं कारण जागा. गुगलच्या मोफत खात्याला १५ जीबी मिळतात आणि त्या जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असतात. जून २०२१ पासून नवे फोटो त्यात मोजले जातात आणि २०२४ पासून अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही. रोज सकाळी येणारी शुभेच्छांची चित्रं आणि व्हिडिओ त्या बॅकअपमध्ये साठत जातात. जागा पूर्ण भरली की नवा मेल येणंच थांबतं, आणि पाठवणाऱ्याला तो परत जातो. जागा मोकळी केल्यावरही परत गेलेले मेल आपोआप येत नाहीत, ते पुन्हा मागवावे लागतात. व्हॉट्सॲपच्या बॅकअपमधून व्हिडिओ वगळणं हा सगळ्यात जलद उपाय.

१३. वायफायवर मेल येतो, मोबाइल डेटावर येत नाही.

‘डेटा सेव्हर’ बघा. तो चालू असला की पडद्यामागच्या ॲपना मोबाइल डेटा मिळत नाही. पूर्ण बंद करायचा नसेल तर त्यातल्या ‘अनरिस्ट्रिक्टेड डेटा’च्या यादीत मेल ॲप घाला. ‘ॲप इन्फो’मधल्या मोबाइल डेटाच्या पानावर ‘बॅकग्राउंड डेटा’ही चालू हवा. बॅटरीची सूट आणि डेटाची सूट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक दिल्याने दुसरी मिळत नाही.

दोन सिमचा फोन असेल आणि डेटा एका सिमवर, बोलणं दुसऱ्यावर असं असेल, तर बोलत असताना बऱ्याच फोनांत डेटा थांबतो. तेवढ्यात ओटीपीचा मेल येणार असेल तर आधी फोन ठेवा.

परदेशात किंवा सीमेपलीकडचं नेटवर्क पकडलेलं असेल तर ‘रोमिंग’ बंद असल्यानेही असं होतं.

१४. ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ किंवा ‘सर्टिफिकेट’ची तक्रार येते.

फोनची तारीख बघा. खेळात पुढचा डाव लवकर मिळावा म्हणून मुलं तारीख पुढे करतात आणि तशीच सोडतात. सर्व्हरच्या ओळखपत्राला मुदत असते. फोनची तारीख त्या मुदतीबाहेर गेली की फोन सर्व्हरवर विश्वास ठेवत नाही. ‘सेट टाइम ऑटोमॅटिकली’ चालू करा. तारीख बरोबर असूनही तक्रार येत असेल आणि तुम्ही स्टेशन, हॉटेल, महाविद्यालयाच्या वायफायवर असाल, तर ब्राउझर उघडून त्या वायफायचं लॉगिन पूर्ण करा. इशारा दिसत असताना ‘तरीही पुढे जा’ मात्र दाबू नका.

१५. दुकानाचा एकच मेल तीन जण बघतो. काही मेल माझ्या फोनवर कधीच येत नाहीत, इतरांकडे येतात.

हे कोडं सुटायला वेळ लागतो, कारण फोनमध्ये शोधून काहीच सापडत नाही. दुकानातल्या कॉम्प्युटरवर मेल ‘पॉप’ पद्धतीने लावलेला आहे का ते पाहा. पॉपची जुनी रीत अशी की मेल उतरवून घ्यायचा आणि सर्व्हरवरून काढून टाकायचा. कॉम्प्युटरने आधी उचलला की तुमच्या फोनसाठी सर्व्हरवर काही उरतच नाही. फोनने आधी पाहिला तर दिसतो. म्हणूनच सकाळी दुकान उघडण्याआधीचे मेल दिसतात आणि दुपारचे नाहीत.

उपाय कॉम्प्युटरवर आहे. ‘लीव्ह अ कॉपी ऑन द सर्व्हर’वर खूण करा, किंवा सगळीकडे आयमॅप लावा. आयमॅपमध्ये मूळ प्रत सर्व्हरवरच राहते. खातं जोडताना सर्व्हरच्या नावासोबत ‘पोर्ट’ नावाचा नंबर भरतात. तो आयमॅपला ९९३, पॉपला ९९५. कुठला नंबर भरलाय यावरून कुठली पद्धत आहे तेही कळतं. जीमेलचं खातं आयमॅपने एकाच वेळी १५ पेक्षा जास्त जोडण्या घेत नाही. एक ॲपच तीन-चार जोडण्या उघडतं, त्यामुळे पाच-सहा उपकरणांवर एकच खातं असेल तर ही मर्यादाही लागते.

१६. आयफोनवर हेच सगळं लागू होतं का?

तत्त्व तेच, जागा वेगळ्या. ॲपलच्या मेल ॲपमध्ये जीमेल पुशने येत नाही, फेचने येतो. मेलच्या सेटिंग्जमध्ये ‘फेच न्यू डेटा’ पाहा. तिथे ‘ऑटोमॅटिकली’ निवडलेलं असेल तर फोन चार्जिंगला आणि वायफायवर असतानाच तो पडद्यामागे मेल आणतो. दिवसभर मेल नाही आणि रात्री चार्जिंगला लावला की सगळे येतात, याचं कारण हे. १५ मिनिटं निवडा किंवा जीमेलचं स्वतःचं ॲप टाका.

बॅटरीचं चिन्ह पिवळं दिसतंय? म्हणजे ‘लो पॉवर मोड’ चालू आहे. त्यात मेल आणणं थांबतं. चार्जिंग ८० टक्क्यांवर गेलं की तो सहसा आपोआप बंद होतो.

१७. ॲप काढून परत टाकलं, किंवा ‘क्लिअर डेटा’ केलं तर मेल जातील का?

जीमेल, आयमॅप किंवा एक्स्चेंजचं (ऑफिसांतली मायक्रोसॉफ्टची मेल सेवा) खातं असेल तर नाही, सर्व्हरवरून परत येतील. फक्त आउटबॉक्समध्ये अडकलेले मेल आणि सर्व्हरपर्यंत न पोचलेले मसुदे जातील, तेवढे आधी पाठवून घ्या. खातं पॉपचं असेल तर थांबा. सर्व्हरवरून काढलेल्या मेलची एकमेव प्रत तुमच्या फोनमध्ये असू शकते (प्रश्न १५). आधी महत्त्वाचे मेल दुसऱ्या खात्यावर पाठवा. नुसतं ‘क्लिअर कॅश’ करायला कधीच धोका नाही, सुरुवात तिथून करा.

१८. सगळं नीट केलं, तरी बॅटरीच्या यादीत मेल ॲप पहिलं येतं.

अडकलेला मोठा मेल आहे का बघा (प्रश्न १०). नसेल तर तुम्ही राहता कुठे हे महत्त्वाचं. रेंज कमी असेल तिथे टॉवरपर्यंत पोचायला फोनला जास्त ताकद लावावी लागते आणि साध्या सिंकलाही कितीतरी जास्त वीज जाते. डोंगराआडच्या वाडीतला फोन आणि शहरातला फोन यांची तुलना होत नाही. रेंज येत-जात असेल तर घरात जिथे ती स्थिर मिळते त्या खिडकीपाशी फोन ठेवा. वायफाय असेल तर तेच वापरा. फोन तीन-चार वर्षांचा असेल तर बॅटरीच थकलेली असू शकते. सेटिंग बदलून ती नवी होत नाही, बदलावी लागते.

१९. आई-बाबा गावी, मी बाहेर. त्यांच्या फोनवर मेल येत राहावा म्हणून एकदाच काय करून ठेवू?

पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा अर्धा तास काढा. प्रश्न ३ आणि ४ मधलं सगळं करा. मग मेलच्या ‘ॲप इन्फो’त खाली ‘मॅनेज ॲप इफ अनयूज्ड’ किंवा ‘पॉज ॲप ॲक्टिव्हिटी इफ अनयूज्ड’ असं बटण असेल ते बंद करा. अँड्रॉइड १२ पासून काही महिने न उघडलेल्या ॲपला फोन पूर्ण निजवतो, त्याच्या परवानग्या काढून घेतो आणि मग नोटिफिकेशनही येत नाही. वडीलधाऱ्यांच्या फोनवर मेल ॲपचं नेमकं हेच होतं. जीमेलचं चिन्ह व्हॉट्सॲपच्या शेजारी, पहिल्याच पानावर आणून ठेवा आणि दोन दिवसांतून एकदा उघडायला सांगा. त्यांच्या खात्याला तुमचा नंबर आणि ईमेल ‘रिकव्हरी’ म्हणून जोडा. निघण्यापूर्वी प्रश्न ३ मधली तासाभराची चाचणी त्यांच्या फोनवर करून बघा, फोन ते रोज ठेवतात त्याच जागी ठेवून.